स्कोअरबुकासोबत पाठवलेलं पत्र

एडिसन, न्यू जर्सी
१५ मार्च २०२६

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

आईने तुझ्यासाठी खोकं भरायला घेतलंय. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि रॉचेस्टरच्या थंडीचा धसका घेऊन आणलेले लोकरी मोजे. सगळ्यांच्या खाली, भाजणीचं पीठ सांडलं तरी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मी एक वही ठेवली आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, कडेला चहाचा डाग पडलेली. आपलं स्कोअरबुक. माळ्यावर तुझ्या शाळेच्या प्रकल्पांखाली दबून गेलं होतं, ते गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर मला सापडलं.

पहिली चाळीस पानं तुझ्या अक्षरात आहेत. एक्केचाळिसाव्या पानावर ऑगस्ट २०११ मधला एक सामना अर्धवट आहे. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. दुसऱ्या दिवशी कामावर लवकर जायचं म्हणून मी तुला आठव्या इनिंगमध्येच उठवलं होतं. परत येताना गाडीत मी एक वाक्य बोललो. पाहुण्या संघातला पहिल्या बेसवर खेळणारा तो पस्तिशीचा माणूस तुला आठवत असेल. गुडघ्याला पट्टा बांधून खेळत होता. मोठ्या संघांनी सोडल्यावर स्वतंत्र लीगमध्ये, गावोगाव बसने फिरत, तो अजून बॅट घेऊन उभा राहत होता. मी म्हणालो, "एवढी वर्षं घालवून याच्या हाती काय लागलं?" तू म्हणालीस, "बाबा, त्याला आज तीन हिट्स मिळाल्या." आणि खिडकीबाहेर बघत बसलीस.

ते वाक्य मला मागे घ्यायचं आहे. फोनवर हे जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात तूच करून दिली होतीस. तू आठ वर्षांची असताना आपण शनिवारी ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जायचो. दर्शन झालं की खाली कँटीनमध्ये डोसा आणि चिंचेचा भात, आणि मग तुझा हट्ट, की इथून जवळ बेसबॉलचं स्टेडियम आहे, तिथे चला. सॉमरसेट पेट्रियट्स तेव्हा स्वतंत्र अटलांटिक लीगमध्ये खेळत. स्टेडियमला लागूनच रेल्वेचं स्टेशन, सहा हजारांच्या आसपास खुर्च्या, आणि कुठेही बसलं तरी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, तोंडावरचे भाव दिसतात. मी सांगलीचा, म्हणजे विजय हजारेंच्या गावचा. खेळ म्हणजे क्रिकेट आणि कुस्ती, एवढंच ठाऊक. चेंडू लागला की बॅट टाकून पळायचं, हे मला कितीतरी दिवस पटत नव्हतं. पण तुझ्या शाळेतल्या बाईंनी तुम्हाला स्कोअर लिहायला शिकवला होता, आणि तू मला शेजारी बसवून शिकवायला लागलीस.

मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे मैदानातले तिघे ७, ८, ९. प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन, चौकोनात बारीक रेषांचा हिरा. तो जितके बेस पुढे गेला तितक्या कडा गडद करायच्या, धाव पूर्ण झाली की आख्खा हिरा काळा. चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचला की ती हिट. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोघे बाद, तर लिहायचं ६-४-३. तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवून बाद झाला तर 'के'. बॅट न हलवताच बाद झाला तर 'के' उलटा काढायचा. तुझे उलटे 'के' बघ, जीभ बाहेर काढून काढलेले आहेत, रेषांवरून कळतं. पेननं लिहिलेलं तुला चालत नसे. "बाबा, अधिकृत स्कोअरर निर्णय बदलतो कधीकधी, पेन्सिलच हवी."

ही पद्धत कुठून आली ते मी नंतर वाचलं आणि मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडमधल्या एक्सेटरचे. लहानपणी अमेरिकेत आले, न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहायचे. १८५० च्या दशकात ते बेसबॉलच्या प्रेमात पडले आणि क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्यांनी या खेळाला लावली. बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला गोषवारा, त्यांनी घडवला. बाद होण्याला 'के' लावला तोही त्यांनीच, 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर म्हणून. म्हणजे रेडिओला कान लावून मी लहानपणी कागदावर धावा मांडायचो ती सवय आणि तुझी हिरवी वही एकाच घरातल्या निघाल्या.

आणखी एक घरचीच गोष्ट आहे. बेसबॉलचा नवा चेंडू गुळगुळीत, पांढराशुभ्र असतो, १०८ टाक्यांनी हाताने शिवलेला. तो तसाच पिचरच्या हातात देत नाहीत, बोटातून निसटतो. सामन्याआधी एकेका चेंडूला चिखल चोळून त्याची चकाकी घालवतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लीना ब्लॅकबर्न नावाच्या प्रशिक्षकाने हा चिखल शोधला, आणि तो येतो आपल्याच न्यू जर्सीतून, डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठावरून. नेमकी जागा आजही गुप्त ठेवलेली आहे. साय लावावी तसा तळहातावर घ्यायचा, चेंडूला लावायचा, टाक्यांमध्ये साचू द्यायचा नाही.

हे वाचलं आणि मला आप्पांची तालीम आठवली. आमचे थोरले काका. पलूस भागातल्या आमच्या गावात तालमीची लाल माती चाळून घ्यायचे, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मळायचे, आणि ती माती अंगावर घेतल्याशिवाय कुणी शड्डू ठोकायचं नाही. मी सात-आठ वर्षांचा होतो, मला फक्त ताकाची कळशी ओतू द्यायचे. त्या मातीचा वास मला एडिसनच्या घरातही कधीतरी येतो. बेसबॉलच्या मैदानात बेसच्या आजूबाजूला जी तांबूस माती असते, तिच्यावर सामन्याआधी पाइपने पाणी मारतात ना, तेव्हा मी पुढे वाकून का बसायचो ते तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आता पान तेवीस उघड. पॉटकेट, ऱ्होड आयलंड, जुलै २०१०. मॅककॉय स्टेडियम. तिथला डगआउट प्रेक्षकांच्या बाकांच्या खाली होता, त्यामुळे खेळाडू डोळ्यांसमोर येतच नसत. मग तिथल्या पोरांनी पिढ्यानपिढ्या एक युक्ती चालवली होती. दुधाच्या रिकाम्या कॅनला बाजूने खिडकी कापायची, आत चेंडू आणि पेन ठेवायचं, आणि सुतळीने खाली सोडायचं. खालचा खेळाडू सही करून सुतळीला झटका देतो. तू मोटेलच्या खोलीत आईच्या कात्रीने कॅन कापलास, कात्री कायमची बोथट झाली. कठड्यावर पोटावर पडून तू कॅन खाली सोडलास आणि किती वेळ काहीच झालं नाही. मग सुतळी हलली. गळाला मासा लागल्यावर कृष्णाकाठची पोरं जशी ओरडतात तशी तू ओरडलीस. कुणाची सही होती ते आपल्याला आजतागायत वाचता आलेलं नाही.

याच मैदानावर व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांबलेला सामना झाला होता. तू तेव्हा मला भिंतीवरची माहिती भराभर वाचून दाखवली होतीस, पण मला ती खरी समजली ती गेल्या वर्षी, वही पुन्हा उघडल्यावर. १८ एप्रिल १९८१, शनिवारची रात्र. पॉटकेट रेड सॉक्स विरुद्ध रॉचेस्टर रेड विंग्ज. हो, तुझ्या आत्ताच्या गावचा संघ. १,७४० प्रेक्षक आले होते. नऊ इनिंग्जनंतर बरोबरी. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने एक धाव काढली, तर वेड बॉग्जने पॉटकेटला बरोबरी करून दिली. वारा समोरून असा बोचरा, की मारलेला चेंडू परत आत यायचा. खेळाडूंनी तुटलेल्या बॅट्स पिंपात जाळून हात शेकले. मध्यरात्र उलटली की खेळ थांबवायचा नियम होता, पण अंपायरांच्या हातातल्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत तो छापायचाच राहिला होता, म्हणून ते खेळवत राहिले. शेवटी लीगच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालं, आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, बत्तीस इनिंग्जनंतर, २-२ वर खेळ थांबला. ईस्टरचा रविवार उजाडत होता. बाकांवर १९ माणसं उरली होती.

उरलेला सामना २३ जूनला झाला. त्या दिवसांत मेजर लीगचा, म्हणजे सर्वांत वरच्या लीगचा, संप चालू होता, त्यामुळे देशभरचे बातमीदार पॉटकेटला जमले. तेहतिसावी इनिंग १८ मिनिटांत आटोपली. मार्टी बॅरेट धावत घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला आणि पॉटकेट ३-२ ने जिंकलं.

त्या सामन्यात तिसऱ्या बेसवर एका बाजूला बॉग्ज होता आणि दुसऱ्या बाजूला, तुझ्या रॉचेस्टरकडून, कॅल रिपकेन. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. रिपकेनने तर पुढे सलग २,६३२ सामने खेळण्याचा विक्रम केला. त्या रात्री तेरापैकी फक्त दोन वेळा त्याला हिट मिळाली होती. पण बॅरेटला घरी आणणारी शेवटची हिट मारली ती डेव्ह कोझाने. कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. वर्षानुवर्षं पॉटकेटला पहिल्या बेसवर खेळला आणि तिथून वर त्याला कधी बोलावणं आलं नाही.

पहिल्या बेसवर, गौरी. हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो.

आई म्हणाली, "एवढं मनाला लागलंय तर जाऊन बघून या." मग आम्ही दोघंही निघालो. तुला फोनवर 'जरा फिरून आलो' एवढंच सांगितलं, कारण तेव्हा तुझ्या रात्रपाळ्या चालू होत्या. आधी रीडिंग, पेनसिल्व्हेनिया. १९५१ चं स्टेडियम, आणि १९६७ पासून एकाच फिलाडेल्फियाच्या संघाशी जोडलेलं. तिथे एक माणूस शहामृगावर बसल्याचा वेश करून धावत येतो आणि प्रेक्षकांत हॉट डॉग फेकतो. आई शाकाहारी, तरी तिने एक झेलला आणि मागच्या बाकावरच्या मुलाला दिला. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून १९०८ सालचं ते गाणं म्हणतात तेव्हा आईनेही म्हटलं. तुझ्याकडून ऐकून ऐकून तिचं पाठच झालंय.

वाटेत संघांच्या नावांची मी यादीच केली. ॲलनटाउनचे आयर्नपिग्ज, पोलादाच्या भट्ट्यांवरून. ॲक्रनचे रबरडक्स, टायरांच्या कारखान्यांवरून. हार्टफर्डचे यार्ड गोट्स, म्हणजे रेल्वेच्या यार्डात डबे ढकलणारी छोटी इंजिनं. डरहॅमचे बुल्स, तंबाखूच्या छापावरून. भट्ट्या विझल्या, गिरण्या बंद पडल्या, तरी छातीवर नाव त्याच धंद्याचं. आमच्याकडे हळदीची पेठ म्हणून सांगलीचा असा संघ असता तर काय नाव ठेवलं असतं, यावर आमचे शंभर मैल गेले.

मग दक्षिणेला बर्मिंगहॅम, अलाबामा. रिकवूड फील्ड, १८ ऑगस्ट १९१० ला सुरू झालेलं, व्यावसायिक बेसबॉलसाठी बांधलेल्यांपैकी देशातलं सर्वांत जुनं उभं मैदान. लोखंडी खांबांवरचं छप्पर, खाली सावलीत लाकडी बाकं. १९४८ मध्ये शाळेत शिकणारा विली मेझ, पुढे मेजर लीगमध्ये गाजलेला, इथे कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक बॅरन्स संघाकडून खेळत होता. गोऱ्यांचा बॅरन्स संघ याच मैदानावर खेळायचा, पण त्यांच्या सामन्याला कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या बाजूच्या वेगळ्या उघड्या बाकांवर बसावं लागे. मी तिकडे चालत गेलो. तिथून होम प्लेट किती लांब दिसते! जून २०२४ मध्ये मेझच्या सन्मानार्थ इथे मेजर लीगचा सामना ठेवला होता, आणि त्याच्या दोन दिवस आधी मेझ गेले. सामन्याच्या दिवशी जुने कृष्णवर्णीय खेळाडू रेजी जॅक्सन टीव्हीवर बोलले. १९६७ मध्ये ते बर्मिंगहॅमला खेळत असताना त्यांना हॉटेलात उतरू देत नसत, जेवायला बसू देत नसत. इतकी वर्षं लोटूनही बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता.

मला तिथे बाळू पालवणकर आठवले. पुण्याच्या जिमखान्यावर गोऱ्या साहेबांसाठी मैदान राखणारे, नेटमध्ये त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करणारे. पुढे हिंदू संघाला त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवाचून चालेना, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण जातीमुळे चहाच्या वेळी बाकीचे आत चिनी मातीच्या कपातून पीत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. खेळाची परंपरा म्हटली की मला हळद-ताकाची माती आठवते, पण ते भांडंही त्याच मातीचं होतं. दोन्ही तुला सांगायला हवं.

आणि एक गोष्ट मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून पाहिली नव्हती. तुझ्या लहानपणी आपण जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहायचो. न्यूअर्क ॲव्हेन्यूवरून भाजी घेऊन, पाथ गाडीच्या स्टेशनसमोरच्या चौकात जॅकी रॉबिन्सनचा पुतळा आहे, त्याच्या कट्ट्याला टेकून मी तुझ्या आईची वाट बघायचो. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारे ते हे रॉबिन्सन. हा पुतळा इथे का, असा प्रश्न मला पडला नाही. १८ एप्रिल १९४६ ला रॉबिन्सन माँट्रियल रॉयल्सकडून मायनर लीगमधला, म्हणजे मेजरच्या खालच्या पायरीवरचा, आपला पहिला सामना खेळले, तो जर्सी सिटीतच, रूझवेल्ट स्टेडियमवर. पाचपैकी चार हिट्स, एक तीन धावांचा होम रन, दोन चोरलेले बेस, आणि संघ १४-१ ने विजयी. मेजर लीगमधल्या ब्रुकलिनच्या संघात जायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. ते स्टेडियम पाडून तिथे घरं झाली आहेत. पॉटकेटची ती लांबलेली रात्रही १८ एप्रिलचीच, बरोबर पस्तीस वर्षांनंतरची. ही तारीख मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.

पॉटकेटला मात्र आम्ही गेलो नाही. २०२० चा मॅककॉयमधला शेवटचा मोसम करोनामुळे झालाच नाही. त्या उन्हाळ्यात गावकऱ्यांना मैदानाच्या हिरवळीवर टेबलं मांडून जेवायला बोलावलं, तोच निरोप. २०२१ मध्ये संघ वुस्टरला गेला. मॅककॉय पाडून तिथे शाळा बांधायचं ठरलं. सुतळी सोडायला आता तो कठडा नाही. हे मला लागलं, तुलाही लागेल.

त्याच २०२१ मध्ये मेजर लीगने मायनर लीगची फेररचना केली आणि आपल्या संघांशी जोडलेले खालचे संघ १६० वरून १२० वर आणले. आपल्या ब्रिजवॉटरला तेव्हा न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ आला. मी ऑफिसात पेढे नेले होते. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे गृहस्थ ट्रेंटनचे. त्यांनी पेढा घेतला आणि हळूच सांगितलं, की हा संघ आमच्याकडून काढून तुम्हाला दिलाय. त्यांच्या मुलाने पहिला होम रन ट्रेंटनला पाहिला होता. पुढचे पेढे वाटताना माझा हात जड झाला.

नियमही बदलले. २०१८ पासून मायनर लीगमध्ये जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आधीच एक धावपटू उभा करतात, त्यामुळे पॉटकेटसारखी रात्र पुन्हा होणं नाही. पिचरपुढे घड्याळ लावलं तेही आधी इथेच. अंपायरचा स्ट्राइक पटला नाही तर फलंदाज हेल्मेटवर टिचकी मारतो आणि यंत्राचा निकाल पडद्यावर दिसतो, हेसुद्धा काही वर्षं इथे करून पाहिलं आणि मग वर नेलं. आधी मला राग यायचा. आता वाटतं, जुनं जपणारी हीच जागा आणि नव्याची तालीमही हीच. घड्याळामुळे तरी लहान मुलं शेवटची इनिंग बघून घरी जातात. धावपटूचा नियम मात्र मला अजून मान्य नाही. बरोबरी झाली तर दोघांनी दमेपर्यंत खेळावं. आप्पांच्या वेळी निकाली कुस्तीसाठी लोक पेट्रोमॅक्सच्या उजेडात थांबायचे.

आप्पांकडे आता येतो. गावच्या जत्रेत दुपारी हलगी घुमायला लागली की आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, आमच्यासारख्या पोरांच्या. मग हळूहळू इनाम चढत जायचं. आप्पांची जोड शेवटून तिसरी-चौथी. कुंडलच्या मैदानातही ते लढले, पण सर्वांत मोठी कुस्ती त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. महाराष्ट्र केसरीला एकदा गेले आणि लवकर परतले. घरात त्यांच्या नावाचे सात फेटे होते, एवढीच कमाई. गावात मात्र त्यांच्या खुराकासाठी कुणी दूध घालायचं, कुणी बदाम, कुणी तूप. का घालता, असं कुणी विचारलं नाही. आपल्या गावचा पैलवान आहे, खाऊ दे. ब्रिजवॉटरच्या स्टेडियममध्ये आपल्या रांगेत बसणारं ते म्हातारं दांपत्य आठव. दर उन्हाळ्यात एक खेळाडू त्यांच्या मागच्या खोलीत फुकट राहायचा. तू त्याला थालीपीठ नेऊन दिलंस आणि त्याने चार खाऊन पाचवं मागितलं. अशी यजमान घरं गावोगाव होती म्हणून ही पोरं तगली. २०२३ चा करार होईपर्यंत मायनर लीगच्या खालच्या, सिंगल-ए पातळीवर खेळाडूला वर्षाला किमान ११,००० डॉलर मिळत. खेळाडूंच्या संघटनेने भांडून ते २६,२०० केले. राहण्याची सोयही आता संघांनी करायची असते.

आपल्या देशातले दोघे या वाटेवर चालले, हे तूच मला सांगितलं होतंस. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भालाफेक करणारी ही पोरं, २००८ मध्ये वेगाने चेंडू टाकायच्या स्पर्धेत निवडली गेली, हातात बेसबॉल पहिल्यांदा आला, आणि पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या करारावर ती फ्लोरिडात मायनर लीगमध्ये पिचिंग करत होती. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोहोचलं नाही. तू भिंतीवर त्यांचं कात्रण लावलं होतंस. ते काढून टाक असं तुला कधी सुचलं नाही.

मी आप्पांना ताक ओतून दिलं, त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली. कुणी त्यांना विचारलं असतं, "एवढी वर्षं घालवून हाती काय लागलं?", तर मी त्याला दगड मारला असता. आणि तेच वाक्य मी त्या पहिल्या बेसवाल्याबद्दल, तुझ्यासमोर, सहज बोलून गेलो. चूक झाली, बाळा.

आता तुझ्या गावाबद्दल. रेड विंग्ज हा संघ कुणा एका धनिकाचा नाही. १९५७ मध्ये सेंट लुईसचे मालक संघ सोडून द्यायला निघाले, तेव्हा रॉचेस्टरच्या लोकांनी समभाग विकत घेऊन तो गावातच ठेवला. ८,२२२ भागधारक झाले. आपल्याकडे सहकारी कारखाना उभा राहतो तसा संघ उभा राहिला, आणि आजही चालतो. तुझ्या वॉर्डातल्या एखाद्या म्हाताऱ्या पेशंटच्या कपाटात तो कागद असेल. विचारून बघ. मोसम मार्चअखेर सुरू होतो, एप्रिलमध्ये तिकडे बोटं आखडतात, म्हणून मोजे. शनिवारची गर्दी टाळ, मंगळवारी संध्याकाळी जा. एकटी गेलीस तरी चालेल, वही घेऊन बसलेल्या माणसाशी शेजारचा आपणहून बोलतो.

बेचाळीस ते एकावन्न ही पानं मी भरली आहेत, गेल्या वर्षीच्या प्रवासातली. माझे उलटे 'के' तुझ्याइतके चांगले आले नाहीत. बावन्नपासून कोरी आहेत, ती तुझी.

पान एक्केचाळीसला मी हात लावलेला नाही. आठव्या इनिंगमध्ये आपण पायऱ्यांवरून खाली उतरत असताना मागे आवाज झाला, तू वळलीस आणि म्हणालीस, "बाबा, थांब." ती त्याची तिसरी हिट होती. मी थांबलो नाही, त्यामुळे ती लिहायची राहिली. मला वाटतं चेंडू मधल्या मैदानात गेला, म्हणजे आठ. पण मी नीट बघितलं नव्हतं. तू बघितलं होतंस. चौकोन रिकामा आहे, तेवढी हिट लिही.

तुझा,
बाबा

ता. क. वहीच्या पिशवीत दोन पेन्सिली आहेत, टोक करून ठेवल्यात.